चांगलं झोपणारं पोर अचानक रात्री उठायला लागलं तर काय करायचं

दीड-दोन वर्षांचं पोर, इतके महिने रात्रभर गाढ झोपणारं, एके दिवशी रात्री दोनला उठून रडारड करायला लागलं की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात, आजी मीठ-मिरच्या घेऊन दिष्ट काढते आणि आई मोबाईल उघडून बसते. दिष्ट काढायला माझी काही हरकत नाही, पाच मिनिटांचं काम, आजीच्या जीवाला बरं वाटतं, फक्त त्या मिरच्यांचा धूर पोराच्या खोलीत जाऊ देऊ नका, नाक आधीच चोंदलेलं असलं तर ते खोकून खोकून परत उठेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की रात्री दोनला कसलेच प्रयोग करायचे नाहीत. रात्री पोराला परत झोपवायचं, रोज एकाच पद्धतीने, बस. कारण शोधणं, सवयी बदलणं हे सगळं दिवसाउजेडी. बहुतेक घरांत उलटं होतं, दिवसा सगळे आपापल्या कामात आणि रात्री दोनला चार माणसं चार उपाय करतात, एक म्हणतो दूध दे, एक म्हणतो बाहेर व्हरांड्यात फिरव, एक लाईट लावून खुळखुळा वाजवतो, मग पोर तरी काय करणार, त्याला वाटतं रात्री दोनला घरात जत्रा भरते, रोज उठलं पाहिजे.

आधी तीन-चार रात्री नुसतं लिहून ठेवा

भिंतीवर कालनिर्णय असेलच, दुधाचा हिशोब लिहिता तसं त्याच चौकोनात लिहा. किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, कसं रडलं, कशाने शांत झालं, दुपारी कितीपर्यंत झोपलं होतं. सकाळी उठून आठवून लिहायला गेलात तर सगळ्या रात्री सारख्याच वाटतात, म्हणून रात्रीच दोन आकडे खरडून ठेवायचे. पुढे डॉक्टरकडे जायची वेळ आली तर याच पानाचा फोटो दाखवता येतो, "रात्रभर झोपत नाही हो" यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

उठायच्या वेळेवरून बरंच समजतं. झोपल्यावर तास-दोन तासांत, म्हणजे साडेनऊला झोपलं आणि अकराच्या सुमारास एकदम किंचाळून उठलं, डोळे सताड उघडे पण तुमच्याकडे बघतच नाही, जवळ घ्यायला गेलात की ढकलतं, घामाने ओलं, छाती धडधडतेय, तर याला नाईट टेरर म्हणतात. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते आणि घरातली म्हातारी माणसं लगेच कोणी काही केलंय का यावर जातात, पण पोर त्या वेळी गाढ झोपेतच असतं, मेंदूचा थोडा भाग जागा आणि बाकीचा झोपलेला अशी अवस्था. त्याला हलवून जागं करायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत. पडणार नाही, डोकं आपटणार नाही एवढं बघत बाजूला बसायचं, पाच-दहा मिनिटांत, कधी थोडं जास्त वेळाने, आपोआप शांत होऊन झोपतं आणि सकाळी त्याला काहीही आठवत नसतं. रोज ठरावीक वेळेलाच होत असेल तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हळूच अंगावर हात फिरवून त्याला जरासं चाळवायचं आणि परत झोपू द्यायचं, दोन-तीन आठवडे असं केलं की बऱ्याच मुलांचं थांबतं. अपुरी झोप आणि ताप, या दोन्हीने हे वाढतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, पहाटेकडे रडत उठलं, तुम्हाला ओळखतं, गळ्यात पडतं, परत झोपायला घाबरतं, तर ते वाईट स्वप्न. इथे मात्र लगेच जवळ घ्यायचं. दोन्हीत फरक सोपा आहे, स्वप्न पडलेलं पोर तुम्हाला बिलगतं, नाईट टेररमधलं ढकलतं.

तिसरा प्रकार म्हणजे दर तास-दीड तासाने कुरकुर. झोपेची वर्तुळं असतात, लहान मुलांची साधारण तासाभराची, प्रत्येक वर्तुळ संपताना आपण मोठेसुद्धा किंचित जागे होतो, उशी फिरवतो आणि परत झोपतो, आठवतही नाही. पोराला पहिल्यांदा झोप लागताना जे होतं तेच त्याला त्या वेळी परत हवं असतं. झोळीत हलवून झोपवलं असेल तर झोळी हवी, बाटली तोंडात असेल तर बाटली, आईच्या केसांत हात घालून झोपलं असेल तर रात्री दोनला आईचे केस. हट्ट वगैरे काही नसतो यात.

चौथा, दोनला उठून दोन तास टक्क जागं, रडत नाही, गप्पा मारतं, गाडी मागतं, "काऊ कुठे" विचारतं. हे बहुतेक वेळा दुपारच्या झोपेचं गणित असतं, त्याकडे येते.

आणि पहाटे साडेचार-पाचला उठून दिवस सुरू करणारे. यांच्यासाठी जाड पडदा लावा, आणि खरं सांगायचं तर आपल्या गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोंपों हॉर्नला काही इलाज नाही, सहाला तो येणार आणि पोर पाव मागत उठणार, सहाला उठणं या वयात चालतं, ते बिघडलेलं नाही.

आधी दुखणं नाही ना ते बघा

सवयी बदलायला घेण्याआधी हे करायचं. कान दुखत असला तर आडवं झाल्यावर जास्त ठणकतो, त्यामुळे दिवसा बरं असणारं पोर रात्री झोपवलं की रडतं, सर्दी होऊन तीन-चार दिवस झालेत आणि आता कानाला हात लावतंय असं दिसलं तर लगेच दाखवा. दात म्हणाल तर सुळे साधारण १६ ते २२ महिन्यांत येतात आणि मागच्या मोठ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत, त्या दाढा खरंच त्रास देतात, पण दोन महिने सलग रोज रात्री उठतंय आणि आपण म्हणतोय दाढा येताहेत, असं होत नाही, दाताचं दुखणं काही दिवसांचं असतं. हिरडीला लावायची ती सुन्न करणारी जेल दोन वर्षांखाली लावू नका. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून चावायला द्या, चालतं.

जंत ही गोष्ट आपल्याकडे लोक विसरतात. पोर रात्री ढुंगणाजवळ खाजवतं, अंथरुणात वळवळतं, चिडचिड करतं, तर बारीक जंत असू शकतात, त्यांची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते म्हणून खाज रात्रीची. अंगणवाडीतून १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिनाला गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, दोन वर्षांवरच्यांना अख्खी, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना चुरून पाण्यातून. तुमच्या पोराला मिळाली का ते अंगणवाडी ताईला विचारा. आणि नखं कापा, लहान मुलांची आणि मोठ्यांचीही.

रक्त कमी असलं, म्हणजे लोह कमी, तरी मुलं रात्री पाय झाडतात, सारखी कूस बदलतात. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या आणि जेवणाला तोंड न लावणाऱ्या मुलांत हे बघायला मिळतं. डॉक्टरला सांगून हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि पोर रोज रात्री मोठ्या माणसासारखं घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मधे श्वास अडकल्यासारखा होऊन दचकत असेल, तर नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, तिथे झोपेच्या सवयी कितीही सुधारल्या तरी उपयोग नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडेच जायचं.

सगळं ठीक असेल तर मग वयाचाच खेळ. दीड वर्षाच्या आसपास आणि परत दोनच्या सुमारास मुलांना आई दिसेनाशी झाली की भीती वाटते, नवे शब्द डोक्यात घोळत असतात, "नको" म्हणायची ताकद नुकतीच कळलेली असते. त्यात घरात काही बदललं असेल, नवीन भावंड, पाळणाघर, भाड्याची खोली बदलली, किंवा आपल्याकडे हे फार, बाबा शिपवर परत गेले. चार महिने बाबाच्या पोटावर झोपलेलं पोर बाबा गेल्यावर पंधरा दिवस रात्री उठून दार बघतं, त्याला काय समजावणार. असं उठणं साधारण दोन ते सहा आठवड्यांत कमी होतं, फक्त त्या काळात नवीन सवयी लावू नका ज्या नंतर सोडवाव्या लागतील.

रात्री नक्की काय करायचं

पोर कुरकुरलं की लगेच धावत जायचं नाही, मिनिटभर ऐकायचं. बऱ्याचदा ते झोपेतच कण्हतं आणि आपण उचलून त्याला पूर्ण जागं करतो. खरंच रडायला लागलं की जायचं, मोठा लाईट लावायचा नाही, झिरोचा बल्ब पुरे, तोही लाल-पिवळा. उचलायच्या आधी वाकून पाठीवर हात ठेवायचा, सगळा पंजा, वजन देऊन, थोपटायचं ते पण हळू, आपल्या श्वासाच्या गतीने, घाईघाईने थोपटलं की आपली घाई त्याला कळते. एकच वाक्य ठरवून ठेवायचं, "आई आहे, रात्र झालीय, झोप", तेच तेच बोलायचं, कंटाळा येईल इतकं तेच. प्रश्न विचारायचे नाहीत, काय झालं बाळा, कुठे दुखतंय, भू भू आला का, या प्रश्नांनी पोर जागं होतं आणि भू भू नसेल तर आता आला. डायपर चाचपायचा, कपाळ चाचपायचं, मान घामेजली असेल तर पुसायची, पाणी मागितलं तर दोन घोट पाणी. उचलावंच लागलं तर उचला, शांत करा, पण झोप लागायच्या आत, डोळे जड झाले की परत अंथरुणात ठेवा.

पहिल्या तीन-चार रात्री जास्त रडेल, ते धरून चला. मी पोराला खोलीत एकटं रडत ठेवणाऱ्यांतली नाही, आपल्या घरांत ते जमतही नाही, एका खोलीत चौघं झोपतात, भिंतीपलीकडे काकी उठून येते. जवळ बसून, हात ठेवून, पण रोज तेवढंच, असंही होतं, वेळ थोडा जास्त लागतो. दर दोन-तीन रात्रींनी आपण जरा लांब सरकायचं, आधी हात अंगावर, मग हात नुसता बाजूला, मग शेजारी बसून.

रात्रीची बाटली हा वेगळा विषय. वर्षावरच्या निरोगी, दिवसा नीट जेवणाऱ्या मुलाला रात्री दुधाची गरज नसते आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलं की पुढचे दात किडतात. एकदम बंद करू नका, दर दोन-तीन रात्रींनी एकेक औंस कमी करत आणा. अंगावर पाजत असाल आणि तुम्हाला रात्री पाजण्याचा त्रास नसेल तर पाजा की, दोन वर्षं आणि पुढेही पाजा असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, फक्त झोप लागण्यासाठी तेच एक साधन राहू नये. आजारपणात किंवा बाबा नुकतेच गेलेत अशा आठवड्यात हे सोडवायला घेऊ नका.

झोळीत झोपणारी मुलं दीड वर्षानंतर त्यात उभी राहायला बघतात आणि पडतात, त्यामुळे झोळी तशीही काढायचीच आहे, पण आधी दुपारच्या झोपेला काढा, रात्रीची नंतर.

दिवसाचं गणित

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास, यात दुपारची झोप धरलेली आहे, लोक ती धरायला विसरतात. दुपारी तीन तास झोपलेलं पोर रात्री बारा तास झोपावं ही अपेक्षा म्हणजे हिशोबच चुकला. साधारण दीड वर्षाला दोन झोपांची एक होते, त्या बदलाच्या काळात रात्रीची झोप हमखास बिघडते. दुपारी जेवून साडेबाराला-एकला झोपवा, दीड ते दोन तास, आणि तीन-साडेतीनला उठवा, हो, झोपलेलं पोर उठवायचं, आजी ओरडेल, तरी उठवायचं. संध्याकाळचा पोदेर येईपर्यंत पोर झोपलेलं असलं तर रात्रीचे अकरा नक्की. पण म्हणून दुपारची झोपच बंद करायची असंही नाही, फार थकलेलं पोर रात्री जास्त उठतं, कमी नाही.

संध्याकाळी बाहेर न्या, मैदान, देवळाचं आवार, समुद्र जवळ असेल तर वाळू. जेवण झोपायच्या तास-दीड तास आधी, मऊ भात वरण, पेज, नाचणीचं तिजाण, जे खातं ते. मग अंघोळ किंवा नुसतं अंग पुसणं, कपडे, एखादी गोष्ट किंवा गाणं, लाईट बंद, सगळं मिळून अर्धा तास, रोज याच क्रमाने. घड्याळ पोराला कळत नाही, क्रम कळतो.

मोबाईल-टीव्ही झोपायच्या तासभर आधी बंद, तसंही दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. यात अडचण शिपवाल्या घरांची. बाबाला नेट मिळतं तेव्हा इथे रात्रीचे दहा, झोपायला आलेलं पोर पप्पा पप्पा करत उड्या मारायला लागतं आणि मग बारापर्यंत झोप नाही. व्हिडिओ कॉल सकाळी किंवा संध्याकाळी जमतो का बघा, नाहीच जमलं तर बाबाकडून दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून मागवा, एखादी गोष्ट किंवा नुसतं "झोप राजा", तो झोपताना लावा, चित्र नको, आवाज पुरे. हॉटेलच्या शिफ्टवरून साडेअकराला येणाऱ्या बाबांनाही हेच, आल्या आल्या झोपलेल्या पोराचा पापा घ्यायचा मोह आवरा, सकाळचा तास पोरासाठी ठेवा.

आपल्याकडच्या भानगडी

पावसाळ्यात माडाची झावळ तारेवर पडली की लाईट गेली, पंखा बंद झाला की त्या शांततेनेच पोर उठतं, वर उकाडा आणि मच्छर. चार्जिंगचा छोटा पंखा घेऊन ठेवा, पोराच्या हाताला लागणार नाही असा, आणि मच्छरदाणी बारा महिने. बंद खोलीत कॉईल लावू नका, त्या धुराने नाक चोंदतं. एप्रिल-मेमध्ये सुती पातळ झबलं नाहीतर नुसता डायपर, घामोळ्यांनी खाजून उठणारी मुलं कितीतरी असतात आणि आपण दाताला दोष देत बसतो.

गणेश चवथीला मूळ घरी जाता तेव्हा दीड दिवस किंवा पाच दिवस सगळं विसकटणार, ते विसकटू द्या, घुमट वाजवत आरत्या चालू असताना पोराला नऊला झोपवायचा हट्ट धरून स्वतःचा सण खराब करू नका. फक्त त्याची रोजची चादर आणि उशाला घेतो ते बाहुलं बरोबर न्या, न धुता, वास ओळखीचा लागतो, आणि दुपारची झोप तेवढी सांभाळा, मागच्या खोलीत. परत आल्यावर पहिल्या रात्रीपासून जुना क्रम. दिवाळीच्या आदली नरकासुराची रात्र मात्र कठीण, वाड्यावर पहाटेपर्यंत दणदणाट, त्या रात्री शक्य असेल तर लांबच्या नातेवाईकांकडे जा, नाहीतर रस्त्यापासून आतली खोली, पंखा फुल आणि दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं जास्त झोपू द्या. एरवी कुठे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालू असेल तर नियमाने तो दहा ते सहा बंदच पाहिजे, ११२ ला फोन करता येतो, शेजाऱ्याशी संबंध कसे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा.

झोपेसाठी काही पाजू नका

कुळागरात जायफळ आहे म्हणून उगाळून चाटवणं घराघरांत चालतं. एखाद्या दिवशी चिमूटभराने बहुतेक काही होत नाही, पण पोर झोपत नाही म्हणून रोज, थोडं थोडं वाढवत देणं धोक्याचं, जायफळ जास्त झालं तर गुंगी, उलट्या, छातीत धडधड होते आणि उगाळलेल्या दोन वेढ्यांत नक्की किती गेलं ते कुणालाच कळत नाही. सर्दी-खोकल्याच्या ज्या सिरपने झोप येते ती "झोपेसाठी" देणं तर अजिबात नको, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाईलएफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखाली द्यायची नाहीत असं २०२३ मध्ये सरकारनेच बाटलीवर छापायला लावलंय. पॅरासिटामॉल ताप किंवा खरं दुखणं असेल तर, वजनावरून डॉक्टरने सांगितलेलं तेवढंच, रोज रात्रीची सवय म्हणून नाही. मेलाटोनिनच्या गमी ऑनलाईन मिळतात म्हणून मागवू नका.

आणि थांबायचं नाही असं केव्हा, तर ताप असून पोर सुस्त पडलंय, मान वाकवत नाही, श्वास ओढून घेतंय, ओठ निळसर, हातपाय झटके देताहेत, सतत उलट्या, किंवा दोन-तीन तास कशानेच शांत न होणारं रडणं. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावा किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळात, बांबोळी जवळ असेल तर थेट गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. बाकी वजन वाढत नाही, घोरतं, किंवा सहा आठवडे सगळं नीट पाळून फरकच नाही, यासाठी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाची दिवसाची अपॉइंटमेंट.

घरात कोण उठणार ते रात्री आठला ठरवा. दोनच्या आधी एक, दोननंतर दुसरा, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच दुसऱ्या खोलीत जाऊन झोपायचं, पडल्या पडल्या सूचना द्यायच्या नाहीत. सासूबाई किंवा आई मदतीला असतील तर त्यांना तेच एक वाक्य आणि तोच क्रम आधी शांतपणे सांगून ठेवा, दुपारी, चहाच्या वेळी, त्या ऐकतात, रात्री दोनला सांगायला गेलात तर भांडण होतं. घरात दुसरं कुणीच नसेल, बाबा शिपवर आणि तुम्ही एकट्या, तर पोर दुपारी झोपलं की भांडी तशीच ठेवून तुम्हीही आडव्या व्हा.